काळ्या घारीचा मुकदमा

रविवारी सकाळी दारात चपलांचा ढीग दिसला की नरहरराव देगलूरकरांचा चहा कडू व्हायचा. काचीगुड्यात, स्टेशनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घराच्या दारात एके काळी पक्षकारांच्या चपला पडायच्या. कुणाची जमीन अडकलेली, कुणाची भावकी उठलेली. माणसं उतरल्या चेहऱ्यानं यायची आणि "वकीलसाब, वकीलसाब" करत खुर्चीच्या कडेवर टेकायची. आता नरहररावांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली होती, काळा कोट कपाटात जाऊन एक तप होत आलं होतं, आणि दारात चपला पडायच्या त्या चिरंजीवांच्या दोस्तांच्या. ही मंडळी कडेवर टेकत नसत. सोफ्यावर ऐसपैस मांडी ठोकून, स्वातीनं केलेल्या पोह्यांवर शेव भुरभुरत, एका पक्ष्यावरून भांडत असत.

पक्ष्याचं नाव नल्लगद्दा. तेलुगूत नल्ल म्हणजे काळी आणि गद्द म्हणजे घार. नरहररावांना तेलुगू पाण्यासारखी यायची, तरी पहिल्यांदा हे नाव कानावर पडलं तेव्हा त्यांनी मुद्दाम विचारलं होतं, "गद्दा? काळ्या गादीवर सिनेमा काढला काय रे?"

मकरंद हसला नव्हता. नल्लगद्दाच्या बाबतीत तो हसत नसे.

सहा वर्षांपूर्वी तो सिनेमा आला आणि मकरंदच्या डोक्यात जाऊन बसला. नायक दिवसा सरकारी दवाखान्याच्या शवागारात मढी उचलायचा आणि दिवस मावळला की त्याच्या पाठीला पंख फुटायचे. मग तो शहरातल्या गुंडांना नख्यांनी उभे चिरायचा. शिव्या इतक्या की मधले शब्द शोधावे लागत. सेन्सॉरनं 'ए' शिक्का मारला, फक्त प्रौढांसाठी, आणि तो शिक्का या मंडळींनी छातीवर पदकासारखा मिरवला. त्यांचं एक 'गद्दा सैन्यम' होतं, फोनवर हजारो सैनिक, आणि त्याच्या तीन सेनापतींपैकी एक होता मकरंद नरहर देगलूरकर, वय सेहेचाळीस, विमा कंपनीत उपव्यवस्थापक. रविवारी तो काळा टी-शर्ट घालायचा. छातीवरची घार नवी असताना झेपावल्यासारखी दिसत असेल. आता पोटावर ताणून ताणून ती अंड्यावर बसल्यासारखी दिसायची.

त्या रविवारी मात्र पोह्यांना कुणी हात लावला नव्हता. तारनाक्याचा विवेक, रेल्वेच्या हिशेब खात्यातला, मकरंदचा शाळेपासूनचा मित्र, डोक्याला हात लावून बसला होता.

"कोण गेलं?" नरहररावांनी विचारलं.

"काका, पार्ट टू संपला," विवेक म्हणाला.

"मग चांगलंच झालं की."

"संपला म्हणजे वाट लावली त्याची! प्रोड्यूसर म्हणे यूए मागणार. यूए सोळा प्लस. रक्त काढणार, शिव्या म्यूट करणार. आता नल्लगद्दा काय, लहान पोरांच्या वाढदिवसाला येणार?"

"कशावरून?"

"एकानं पोस्ट टाकलीय."

"तो एक कोण?"

विवेक मकरंदकडे पाहू लागला. मकरंदनं घसा साफ केला. "नाना, ते सोडा. तुम्ही एक करा. एक जोरदार अर्ज लिहून द्या. सेन्सॉर बोर्डाला. की आम्ही प्रौढ नागरिक आहोत आणि आम्हाला प्रौढांचा सिनेमा पाहायचा हक्क आहे. तुमच्या भाषेत. हायकोर्टात तुमच्या ड्राफ्टिंगला मान होता."

मान होता हे खरं होतं. पण आयुष्यभर ज्या हातानं वारसांचे दावे लिहिले त्यानं आता पंख फुटलेल्या मुडदेफरासासाठी अर्ज खरडायचा, या कल्पनेनं नरहररावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "खटल्याची मिसल पाहिल्याशिवाय मी वकालतनामा घेत नाही," ते म्हणाले. "आधी पहिला भाग दाखव."

त्यांना वाटलं होतं, टळेल. पण मंडळींच्या चेहऱ्यांवर एकदम दिवाळी उजळली. पडदे ओढले गेले. आतून सोळा वर्षांची मानसी पुस्तक घेऊन बाहेर येत होती. इंटरला, म्हणजे बारावीला होती ती, दिलसुखनगरच्या कोचिंगला जायची. मकरंदनं तिला दारातच अडवलं.

"आत जा. ए आहे."

"बाबा, आजोबा बघतायत."

"आजोबा प्रौढ आहेत."

मानसीनं सगळ्या प्रौढांवरून एकदा नजर फिरवली आणि दार लावून घेतलं.

अडीच तास नरहररावांनी तो सिनेमा ताठ बसून पाहिला. बाकीचे पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहत होते, नव्या जावयाला पहिला घास भरवून सासुरवाडीनं बघावं तसं. एका प्रसंगात नायकानं एका माणसाचा हात मुळापासून उपटला.

"ह्यानं केलं काय होतं?" नरहररावांनी विचारलं.

"त्यानं त्या बाईला मारलं, नाना."

"कुणी पाहिलं?"

"कुणी पाहिलं म्हणजे? तो व्हिलन आहे!"

"हात उपटायच्या आधी की नंतर ठरलं ते?"

विवेकला ठसका लागला. मकरंदचा चेहरा लहानपणी गणिताचा पेपर दाखवताना व्हायचा तसा झाला. सिनेमा संपल्यावर त्यानं फक्त एवढंच विचारलं, "कसा वाटला?"

"आवाज फार आहे," नरहरराव म्हणाले आणि जेवायला उठले.

अर्ज राहिला तो राहिलाच. पण पुढच्याच आठवड्यात सैन्यात फूट पडली. दिलसुखनगरात मोबाइलच्या सामानाचं दुकान चालवणारा यादगिरी हा दुसरा सेनापती. त्यानं उघड लिहिलं की यूए झाला तर बिघडलं कुठं, आम्हालाही पोरंबाळं आहेत. मग काय विचारता! इकडून त्यांना 'दूधपिते' म्हटलं गेलं, तिकडून यांना 'खाटीक'. चार दिवसांत शिव्यांची पातळी अशी गेली की सिनेमातल्या शिव्या त्यापुढं आरतीसारख्या वाटाव्यात. शेवटी कुणीतरी तोड काढली: समोरासमोर बसून वाद करायचा, आणि निवाडा तिऱ्हाइतानं द्यायचा.

यादगिरी स्वतः घरी आला. गळ्यात सोन्याची साखळी, हातात फळांची पिशवी, आणि वाकून नमस्कार. "अंकल, आपीच फैसला करो," तो म्हणाला. "मकरंद अन्ना आपका बेटा है तो क्या हुआ, पूरे काचीगुडे को मालूम, आप किसी की साइड नै लेते. आप बोले तो हमकू मंजूर. जज बनके बैठो, सार."

नरहरराव आयुष्यभर जजापुढं उभे राहिले होते. वर बसायचा योग कधी आला नव्हता. एकदा नाव गेलं होतं म्हणतात, पण गेलं तिथंच राहिलं. त्यांनी यादगिरीला बजावलं की हा सगळा पोरखेळ आहे, मूर्खांचा बाजार आहे, आणि असल्या बाजारात आपण पाऊलही ठेवणार नाही. मग विचारलं, "किती वाजता आहे?"

स्वातीनं त्या दिवशी कपाटातून कोट काढून झटकला. बटण लागेना. "नाना, उघडाच राहू द्या," ती म्हणाली. ती बँकेत होती, कमी बोलायची, आणि बोलायची ते ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर टोचायचं. "तिथं कोण बघतंय बटण? सगळे पंख लावून येणार."

पंख खरंच होते. दिलसुखनगरातल्या एका टिफिन सेंटरच्या वरचा हॉल घेतला होता. मंचावर पुठ्ठ्याची पुरुषभर उंच काळी घार, पत्र्याच्या पट्ट्या ठोकून पंख पसरवलेली. खाली इडलीच्या वाफा, वर ऐंशी-नव्वद बाप्ये. बहुतेकांचे केस पांढरे व्हायला लागलेले, काहींचे जायला लागलेले. दोन बाजूंना खुर्च्या, मधून वाट. नरहररावांना मंचावर मध्यभागी बसवलं आणि सगळे उभे राहिले. "मी लॉर्ड," कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. थट्टा होती हे त्यांना कळत होतं. तरी मान आपोआप ताठ झाली.

आधी मकरंद बोलला. त्यानं कागद आणला होता. "रक्त म्हणजे सत्य," तो म्हणाला. "खऱ्या जगात माणूस मरतो तेव्हा रक्त येतं. ते पुसून दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. पहिल्या भागानं आम्हाला मोठ्या माणसांसारखं वागवलं. आम्हाला बाळांसारखं वागवू नका!" त्याच्या बाजूनं शिट्ट्या झाल्या. विवेकनं पुठ्ठ्याच्या घारीच्या पाया पडून दाखवलं.

मग यादगिरी. कागदबिगद नाही. "मेरे दो बच्चे हैं, सार. पैला पार्ट आया तब छोटे थे. छे साल से मैं घर में येइच बात करतूं, नल्लगद्दा ऐसा, नल्लगद्दा वैसा. बच्चे पूछते, नान्ना, हमकू कब दिखाते? मैं क्या बोलूं? तुमारा बाप जिसके पीछे पागल है, वो तुम देख नै सकते?" तेलुगूत नान्ना म्हणजे बाप. मग मागून कुणीतरी बाळाच्या रडण्याचा आवाज काढला आणि हशा पिकला.

तासभर हे चाललं. एकानं सांगितलं, पंखांचा रंग फिका केला तर तो आंदोलन करील. एक डॉक्टर होता, हाडांचा. तो म्हणाला, दुसऱ्या भागात नायक बोलताना शिवी देणार नसेल तर त्याला नायक म्हणायला आपली जीभ रेटणार नाही. दुसऱ्यानं त्याला तिथल्या तिथं एक शिवी देऊन जीभ रेटून दाखवली. नरहररावांच्या मनात आलं, या लोकांना वीज गेली, नळाला पाणी आलं नाही, शेजाऱ्यानं भिंत पुढं सरकवली, तर हेच लोक दाराआडून "जाऊ द्या हो" म्हणतील. आणि इथं बघा, प्राण द्यायला निघालेत.

त्यांनी टेबलावर हात आपटला.

"एक प्रश्न," ते म्हणाले. "हा दुसरा भाग तुमच्यापैकी कुणी पाहिला?"

कुणीच नाही.

"पुरा झालाय का?"

"शूटिंग चालूच आहे, काका," विवेक म्हणाला.

"सर्टिफिकेटसाठी गेलाय का?"

"नाही."

"यूए मागणार असं प्रोड्यूसर स्वतः म्हणाला?"

विवेक फोनवर ती पोस्ट शोधू लागला. नरहररावांना अंगात जुना जोर आला. साक्षीदार पिंजऱ्यात लटपटायला लागला की यायचा तोच. इथं थांबायला हवं होतं. पण समोर नव्वद माणसं कान टवकारून बसली होती आणि कित्येक वर्षांत त्यांचं असं कुणी ऐकलं नव्हतं.

"आमच्याकडे म्हण आहे," ते दख्खनीत म्हणाले, आणि मग म्हण मराठीतच सांगितली, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तूर अजून शेतात नाही, मंडळी. दोन्ही दावे खारीज. एका बाजूला एक बाप, जो पोरांना हात उपटायचा खेळ दाखवायला तळमळतोय. दुसऱ्या बाजूला," ते मकरंदकडे वळले, "दुसऱ्या बाजूला माझा मुलगा. हा म्हणतो, मला मोठा माणूस समजा. सेहेचाळीस वर्षांचा झाला. लग्नात सासऱ्यापुढं बोलायची वेळ आली तर बाप पुढं. घराचा करार करायचा तर बाप पुढं. आता सिनेमा बघायचा तर अर्ज लिहायला बापच पुढं! ह्याला प्रौढांचा सिनेमा द्या हो, पण आधी प्रौढ कुठून आणायचा ते सांगा!"

हॉल फुटला. दोन्ही बाजू हसल्या. सैन्यात सहा वर्षांत पहिल्यांदाच एकी झाली. मराठी न कळणाऱ्यांना शेजाऱ्यांनी भाषांतर करून सांगितलं आणि हशाची दुसरी लाट आली. मकरंद मंचाच्या पायरीशी उभा होता. कागद हातातच होता. तो हसायचा प्रयत्न करत होता, आणि तेच बघवत नव्हतं.

"अन्ना, डॅडी को पूछके आया क्या?" कुणीतरी ओरडलं. "डॅडी, सू-सू!" दुसरा.

विवेकनं त्या दुसऱ्याच्या अंगावर पाण्याची बाटली भिरकावली. मग नेमकं काय झालं ते नरहररावांना नीट सांगता आलं नसतं, आणि साक्ष म्हणून तर मुळीच नाही. खुर्च्या उलटल्या. कुणाची तरी कॉलर धरली गेली. हाडांचा डॉक्टर टेबलाखाली गेला. मंचावर चार-पाच जण चढले, घार डगमगली आणि पंखाची पत्र्याची पट्टी सुटून मकरंदच्या कपाळावर आली.

भुवईच्या वर दोन बोटं फाटलं. मकरंदनं हात लावला, हात डोळ्यांपुढं धरला, लाल बोटं पाहिली. "नाना," तो म्हणाला, आणि जागच्या जागी कोसळला.

सगळं एका झटक्यात थांबलं. रक्त म्हणजे सत्य म्हणणारे भिंतीला चिकटले. एकानं तोंड फिरवलं, एक जिन्याकडे पळाला. त्याला उचललं ते यादगिरीनं. खांद्यावर टाकला, जिना उतरला, रस्त्यात आडवा होऊन रिक्षा थांबवली, आणि आपल्या शर्टानं जखम दाबून धरली. "हौ अन्ना, कुच नै हुआ, कुच नै हुआ," तो सारखं म्हणत होता. पुढं ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लोंबकळत विवेक. मागं, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन, उघड्या काळ्या कोटात नरहरराव.

दवाखान्यात मकरंद शुद्धीवर आला, ट्रेमधली सुई पाहिली आणि परत बेशुद्ध झाला. डॉक्टरीणबाई तरुण होती. "ह्यांना आधीपासून रक्ताची भीती आहे का?" तिनं विचारलं.

नरहररावांनी मुलाच्या कपाळाकडे पाहिलं. "नसावी," ते म्हणाले. "रविवारी बराच वेळ बघतात."

टाके घालताना त्यांनी मकरंदचा हात धरला. तो हात ओला आणि गार होता, आणि त्यांच्या बोटांना असा आवळून होता की अंगठी रुतत होती. या हाताला त्यांनी शेवटचं कधी धरलं होतं? मनातल्या मनात ते अजून चिडलेले होते. पुठ्ठ्याच्या घारीनं टोचलं आणि हा आडवा! पण चिडायला नेहमीसारखी मजा येत नव्हती.

विवेक आणि यादगिरी औषधं आणायला गेले तेव्हा मकरंद छताकडे बघत म्हणाला, "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात."

"तुमच्याच मंडळींनी नेलं मला तिथं."

"निवाडा द्यायला नेलं होतं. माझा नव्हे."

नरहररावांनी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"नाना, तुम्हाला सांगू, मला तो सिनेमा का आवडला? तुम्ही हसाल." मकरंदनं डोळे मिटले. पट्टीखाली भुवई सुजली होती. "त्या घारीला कुणी काही विचारत नाही. कुठून आलास, असं का केलंस, पुरावा काय, कशावरून. आपल्या घरात ताटावर बसलो की सुरू व्हायचं. मार्क का कमी? मित्र कोण? त्याचा बाप काय करतो? मी एकदा बरोबर उत्तर दिलं तरी तुम्ही पुढचा प्रश्न तयार ठेवायचात. आणि हा माणूस नुसता येतो, करतो आणि उडून जातो. मी थिएटरात बसलो होतो आणि मला वाटलं, असं असतं तर काय बहार असती."

"म्हणून हात उपटायचे?"

"बघा," मकरंद म्हणाला. "विचारलंत."

नरहररावांनी पुढचा प्रश्न तिथंच अडवला. चाळीस वर्षांच्या वकिलीत प्रश्न असा मध्येच गिळायची वेळ त्यांच्यावर फार वेळा आली नव्हती.

घरी स्वातीनं दार उघडलं, नवऱ्याचं कपाळ पाहिलं, सासऱ्याचा कोट पाहिला, आणि मागं उघड्या अंगावर विवेकचा रुमाल पांघरलेला यादगिरी पाहिला. सगळी हकिकत ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे एकानं बोलून पाडला आणि दुसऱ्यानं पुठ्ठ्यानं." आणि यादगिरीला मकरंदचा शर्ट आणून दिला. घारीचाच होता. यादगिरीनं तो अदबीनं घातला.

मकरंद झोपल्यावर मानसी आजोबांच्या खोलीत आली. "आजोबा, तुम्ही फारच बोललात म्हणे. कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय."

"त्या ग्रुपात तू कशी?"

"सगळेच आहेत. आमच्या कोचिंगचा अर्धा वर्ग आहे." ती पलंगाच्या कडेला बसली. "आणि त्यांचं ते ए की यूए... आजोबा, मी पहिला भाग सातवीत असताना पाहिलाय. बाबांच्याच अकाउंटवरून, फोनवर. यादगिरी अंकलच्या मुलांनी पण पाहिलाय. मोठा आमच्याच कोचिंगला आहे. त्यांना तर डायलॉग पाठ आहेत."

"मग त्या दिवशी बापानं सांगितलं तर आत का गेलीस?"

"त्यांना बरं वाटतं म्हणून."

"आणि तुला कसा वाटला तो सिनेमा?"

मानसीनं खांदे उडवले. "बोअर. सारखं सारखं तेच."

नव्वद बाप्ये ज्यांच्या वतीनं आणि ज्यांच्याविरुद्ध डोकी फोडायला निघाले होते ती पोरं पाच वर्षांपूर्वीच बघून, कंटाळून, पुढं निघून गेली होती. हे उद्या हॉलवर जाऊन सांगावं असं नरहररावांना फार वाटलं. काय निकालपत्र झालं असतं! पण मग यादगिरीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, आणि त्यांनी दिवा मालवला.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. 'ए' घेऊनच आला. यूएची बातमी कुणाच्या डोक्यातून निघाली ते कधी कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. अर्ज न करता, पुठ्ठ्याच्या घारी न पाडता, बोर्डानं काही शिव्या पुसून शिक्का मारला. दोन्ही बाजूंनी आपलाच विजय झाल्याचं जाहीर केलं. यादगिरीनं पोरांना घरी ठेवलं आणि स्वतः पहिल्या दिवशीची तिकिटं काढली. एक नरहररावांसाठीही.

"मी कशाला?" ते म्हणाले.

"नाना, तुम्ही चला," मकरंद म्हणाला. एवढंच. कारण दिलं नाही, आणि नरहररावांनी विचारलं नाही.

क्रॉस रोडवरच्या थिएटरबाहेर ढोल होते. नायकाच्या कटआउटला दुधाची आंघोळ चालली होती. हार घालायला शिडीवर चढलेला माणूस नरहररावांना ओळखीचा वाटला. हाडांचा डॉक्टर होता. आत पहिल्या चौकटीला असा गदारोळ उठला की छतावरचे पंखे हलले. पहिल्या मारामारीला नख्या निघाल्या, एका गुंडाची मान तिरपी झाली, आणि शेजारी काहीतरी आखडलं. नरहररावांनी पाहिलं. मकरंदनं डोळे गच्च मिटले होते, कपाळावर घाम होता, आणि हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेले होते. कपाळ फुटल्यापासून त्याला रक्त बघवेनासं झालं होतं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. पलीकडे यादगिरी आणि विवेक शिट्ट्या मारत होते.

नरहररावांनी जरा वाकून कानात विचारलं, "सांगू का?"

मकरंदनं मान डोलावली.

"त्यानं जाड्याला गच्चीवर नेलंय," नरहरराव हळू आवाजात सांगू लागले. "जाड्या हात जोडतोय. घार ऐकत नाही. आता नख्या. थांब. थांब अजून. टाकला खाली. हं, झालं. उघड."

मकरंदनं डोळे उघडले. पडद्यावर नायक पंख झाडत होता. पुन्हा नख्या निघाल्या की डोळे मिटायचे आणि नरहरराव सुरू व्हायचे. असा अख्खा दुसरा भाग त्यांनी मुलाला सांगितला, मधल्या मूर्खपणासकट, आणि एकदाही विचारलं नाही की त्या जाड्यानं केलं काय होतं. ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. दिग्दर्शकालाही समजलं असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

बाहेर माइक घेऊन पोरं उभी होती. एकानं मकरंदच्या तोंडापुढं माइक धरला. "अन्ना, कैसा है? ब्लड, व्हायलेन्स, सब पूरा है?"

"एक नंबर!" मकरंद ओरडला. "पहिल्यापेक्षा डबल! ऐसा व्हायलेन्स कब्बी नै देखा!"

नरहरराव शेजारीच उभे होते. पोरानं माइक त्यांच्याकडे वळवला. "दादाजी, आप बोलो. ये सच बोल रै?"

असल्या उघड्या खोट्या साक्षीची नरहररावांनी एके काळी चिरफाड करून टाकली असती. ते मुलाकडे पाहत राहिले. मकरंदच्या भुवईवर टाक्यांची रेघ होती, आणि तो श्वास रोखून उभा होता.

"हौ," नरहरराव म्हणाले. "बराबर है."

मग यादगिरी तिसऱ्या भागाचं काहीतरी बोलायला लागला, विवेकनं त्याला मध्येच तोडलं, आणि दोघांची तिथल्या तिथं जुंपली. नरहररावांनी मकरंदचा दंड धरला आणि रिक्षासाठी रस्ता ओलांडायला घेतला.